कामठीचा कॅप्टन आणि जहाजावरचा कॅप्टन: चिल्काला निघालेल्या मुलासाठी नौदलातली पदं, बोली आणि रीती

ताई, तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलाची नौदलात अग्निवीर म्हणून निवड झाली आहे आणि काही आठवड्यांत तो ओडिशातल्या आयएनएस चिल्काला निघेल. सासरे कामठीच्या गार्ड्‌स रेजिमेंटल सेंटरमधून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, शेजारी वायुसेनानगरातले सार्जंट. दोघंही मुलाला प्रेमाने समजावतात, पण त्यांचं सांगणं नौदलाच्या कागदांशी जुळत नाही. कुणाला काय म्हणायचं, फोनवर मुलगा जे शब्द बोलेल त्यांचा अर्थ काय, आणि मानेवाड्यात घरी बसून आधीच काय शिकून घेता येईल, हे तुम्हाला हवं आहे.

नागपूरच्या घरांत हा गोंधळ होणारच. इथे सेना आणि वायुसेना रोज डोळ्यांसमोर असते, समुद्र मात्र कुठूनही रात्रभराच्या प्रवासावर. त्यातून तिन्ही दलांत बरेच शब्द सारखे आहेत आणि अर्थ वेगळे. अनोळखी शब्द माणूस विचारून घेतो. ओळखीचा वाटणारा शब्द विचारतच नाही, आणि चूक तिथेच होते. म्हणून सुरुवात अशा फसव्या शब्दांपासून करते.

पहिला शब्द कॅप्टन. सेनेतला कॅप्टन हा तरुण अधिकारी, नोकरीची पहिली काही वर्षं झालेला. नौदलातला कॅप्टन हा सेनेच्या कर्नलच्या आणि वायुसेनेच्या ग्रुप कॅप्टनच्या बरोबरीचा. लेफ्टनंटचंही तसंच. सेनेत लेफ्टनंट म्हणजे अधिकाऱ्याची पहिलीच पायरी, नौदलात ती दुसरी आणि सेनेच्या कॅप्टनच्या बरोबरीची. नौदलाच्या अधिकाऱ्यांची चढण अशी: सब लेफ्टनंट, लेफ्टनंट, लेफ्टनंट कमांडर, कमांडर, कॅप्टन, कमोडोर, रिअर ॲडमिरल, व्हाइस ॲडमिरल, ॲडमिरल. सासऱ्यांना सांगताना याच क्रमाने सेनेची पदं लावा: लेफ्टनंट, कॅप्टन, मेजर, लेफ्टनंट कर्नल, कर्नल, ब्रिगेडियर, मेजर जनरल, लेफ्टनंट जनरल, जनरल. नऊला नऊ जुळतात.

ओळखायचं कसं? सोनेरी पट्ट्या मोजा. सब लेफ्टनंटला एक, लेफ्टनंटला दोन, लेफ्टनंट कमांडरला दोन रुंद आणि त्यांच्यामध्ये एक बारीक, कमांडरला तीन, कॅप्टनला चार. कमोडोरपासून पुढे एक खूप रुंद पट्टी येते. नवशिका लेफ्टनंट कमांडरपाशी अडखळतो. घाईत ती मधली बारीक रेघ नजरेतून सुटते आणि तो त्यांना लेफ्टनंट समजतो. म्हणून पट्ट्या नुसत्या मोजू नका, त्यांची जाडीही बघा.

यात आणखी एक गाठ आहे. कॅप्टन हे पद आहे तसा तो मानही आहे. जहाजाचा प्रमुख पदाने कमांडर असो की लेफ्टनंट कमांडर, जहाजावर त्यांचा उल्लेख ‘कॅप्टन’ असाच होतो. म्हणून मुलगा ‘आमचे कॅप्टन’ म्हणाला की चार पट्ट्याच असतील असं धरू नका. त्यांच्याखालोखाल एक्झिक्युटिव्ह ऑफिसर. जहाजाची शिस्त, स्वच्छता, कामाचं वाटप, रोजचं वेळापत्रक हे सगळं त्यांच्याकडे. नव्या नाविकाला रोज जाणवणारा अधिकार या दुसऱ्या माणसाचा असतो.

आता मुलाची स्वतःची शिडी. अग्निवीर चार वर्षांसाठी असतो आणि त्याची ओळखखूण वेगळी असते. नियमित नाविकांमध्ये सीमन सेकंड क्लास, सीमन फर्स्ट क्लास, लीडिंग सीमन, पेटी ऑफिसर, चीफ पेटी ऑफिसर, मास्टर चीफ पेटी ऑफिसर सेकंड क्लास आणि फर्स्ट क्लास असा क्रम आहे. शाखा बदलली की नावाचा मागचा भाग बदलतो. इंजिनाकडचा असेल तर मेकॅनिक येतं, भटारखान्यातला असेल तर कुक, पायरी तीच राहते. सेनेशी ताडून बघायचं तर लीडिंग म्हणजे नाईक, पेटी ऑफिसर म्हणजे हवालदार, चीफ म्हणजे नायब सुभेदार, मास्टर चीफ सेकंड क्लास म्हणजे सुभेदार आणि फर्स्ट क्लास म्हणजे सुभेदार मेजर. तुमचे सासरे नौदलात असते तर मास्टर चीफ सेकंड क्लास असते. शेजारच्या सार्जंटची बरोबरी पेटी ऑफिसरशी.

लीडिंगच्या बाहीवर एक नांगर असतो, पेटी ऑफिसरच्या बाहीवर फुलीसारखे दोन. लीडिंगला बोलीत ‘किलिक’ म्हणतात. किलिक म्हणजे छोट्या होडीचा, दगड बांधलेला साधा नांगर. बाहीवरच्या खुणेवरून हे नाव पडलं. नव्या पोराचा रोजचा संबंध किलिकशीच येतो. मेसमध्ये, म्हणजे नाविकांच्या राहायच्या खोलीत, झोपायची जागा, झाडलोटीची पाळी, कपाटाची शिस्त, सगळं तोच बघतो.

सासऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगा. नाविकाच्या बाहीवर दिसणाऱ्या फिती पदाच्या नसतात. सेनेत तीन फिती म्हणजे हवालदार. नौदलात त्या चांगल्या वर्तणुकीच्या वर्षांच्या असतात. तीन फिती असलेला माणूस लीडिंगही असू शकतो. पद नांगरावरून ओळखायचं.

पदांच्या नावांबद्दल वर्तमानपत्रात वाचलं असेल. ४ डिसेंबर २०२३ ला मालवणला झालेल्या नौदल दिनाच्या कार्यक्रमात, पदांना भारतीय परंपरेतली नावं देण्याची घोषणा पंतप्रधानांनी केली होती. मुलाच्या नेमणुकीच्या कागदावर जे नाव छापलेलं असेल तेच त्याने वापरावं. तटरक्षक दलाची नावं त्यात मिसळू देऊ नका. नाविक, उत्तम नाविक, प्रधान नाविक, अधिकारी ही तटरक्षक दलाची पदं आहेत, आणि ते दल वेगळं आहे. भरतीच्या क्लासमध्ये दोन्हींची तयारी एकत्र होते, म्हणून पोरं ही नावं एकमेकांत घुसडतात.

उरलेले फसवे शब्द आता भराभर. सेनेतला क्वार्टरमास्टर भांडार आणि पुरवठा बघतो. नौदलातला क्वार्टरमास्टर जहाज बंदरात असताना शिडीच्या तोंडाशी पहाऱ्यावर असतो, कोण आलं कोण गेलं याची नोंद ठेवतो, घोषणा करतो. समुद्रात सुकाणूचं काम येतं. त्याच्याकडे कांबळं मागायला जाऊ नये. सेनेत मेस म्हणजे जेवायची जागा. जहाजावर नाविकाची मेस म्हणजे तो झोपतो, कपडे ठेवतो, फुरसतीत बसतो ती खोली. स्वयंपाक होतो ती गॅली, आणि अधिकाऱ्यांच्या मेसला वॉर्डरूम म्हणतात. सेनेत डिव्हिजन म्हणजे हजारो जवान. जहाजावर डिव्हिजन म्हणजे एका अधिकाऱ्याच्या देखरेखीखालचा नाविकांचा छोटा गट. रजा, घरची अडचण, पगाराचा घोळ, आजारपण, काहीही असलं तरी मुलाने आधी आपल्या डिव्हिजनच्या चीफकडे आणि त्यांच्यामार्फत डिव्हिजनल ऑफिसरकडे जायचं. हे त्याला निघण्याआधी नीट समजावून सांगा. गप्प बसून राहणं हीच नव्या पोरांची सगळ्यात महागात पडणारी चूक. घरी कुणी दवाखान्यात असेल तर त्याने पहिल्याच दिवशी सांगावं. व्यवस्था त्यासाठीच आहे.

आता चिल्काकडे येऊ. आयएनएस चिल्का हे जहाज नाही. चिल्का सरोवराकाठी असलेला तो जमिनीवरचा प्रशिक्षण तळ आहे, तरी त्याला जहाजासारखं नाव आहे. नौदलाचे जमिनीवरचे तळ असेच ओळखले जातात. लोणावळ्याचं आयएनएस शिवाजी अभियांत्रिकीसाठी, जामनगरचं वलसुरा विजेच्या शाखेसाठी, मुंबईत मालाडचं हमला पुरवठा, स्वयंपाक आणि लेखनिकीसाठी, कोचीचं द्रोणाचार्य तोफांसाठी. चिल्कानंतर मुलाची शाखा ठरेल तसा तो यांपैकी कुठेतरी किंवा दुसऱ्या शाळेत जाईल. अग्निवीरांची पहिली तुकडी चिल्काहून २८ मार्च २०२३ ला बाहेर पडली. ते संचलन सूर्यास्तानंतर झालं आणि त्या तुकडीत २७३ मुली होत्या.

तळ जमिनीवर असला तरी बोली जहाजाचीच चालते. फरशी म्हणजे डेक, छत म्हणजे डेकहेड, भिंत म्हणजे बल्कहेड, जिना म्हणजे लॅडर, संडास म्हणजे हेड्‌स. हेड्‌स हे नाव शिडाच्या जहाजांवरून आलं. नाविकांचा शौचकूप जहाजाच्या अगदी पुढच्या टोकाला, म्हणजे डोक्याकडे असे. लाटा येऊन ती जागा आपोआप धुऊन जायची. फाटकाबाहेर जाणं म्हणजे ‘अशोअर’, किनाऱ्यावर जाणं, मग समोर समुद्राचा थेंब नसला तरी. बाहेर जायच्या परवानगीला लिबर्टी म्हणतात. रविवारी फोनवर तो ‘आज लिबर्टी नाही’ म्हणाला तर शिक्षा झाली असं समजून घाबरू नका. बहुतेक वेळा ड्यूटी असते, किंवा त्या आठवड्यात कुणालाच सोडलेलं नसतं.

पण एक शब्द मात्र कानात राहू द्या: ॲड्रिफ्ट. नांगर सुटून वाहत गेलेली होडी ॲड्रिफ्ट असते, आणि वेळेवर परत न आलेला नाविकही. जहाज कुणासाठी थांबत नाही. बंदरात भरती-ओहोटीची वेळ, टगबोट, गोदीचं फाटक, सगळं मिनिटांवर बांधलेलं असतं. दहा मिनिटं उशीर झालेला माणूस धक्क्यावर राहतो आणि समुद्रात त्याची पाळी दुसऱ्याला दुप्पट करावी लागते. म्हणून उशिराची शिक्षा कडक आहे. रजा संपवून परतताना गाडीचं आरक्षण एक पूर्ण दिवस हाताशी ठेवूनच करायचं, हा नियम आजच घरात करून टाका. विदर्भातून पूर्व किनाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या पावसाळ्यात तासन्‌तास रखडतात.

रोजच्या वेळापत्रकात दोन शब्द पोरांच्या फार आवडीचे आहेत. कामाच्या मधल्या चहाच्या सुट्टीला ‘स्टँड ईझी’ म्हणतात. अर्ध्या दिवसाच्या सुट्टीला ‘मेक अँड मेंड’ म्हणतात, कारण शिडाच्या काळात ती दुपार नाविकाला आपले कपडे शिवायला आणि दुरुस्त करायला मिळे.

पहाऱ्यांची रचना मला या साऱ्या परंपरेत सगळ्यात हुशारीची वाटते, म्हणून ती सविस्तर सांगते. दिवस मध्यरात्रीपासून मोजतात. ० ते ४ मिडल वॉच, ४ ते ८ मॉर्निंग, ८ ते १२ फोरनून, १२ ते १६ आफ्टरनून. मग १६ ते १८ फर्स्ट डॉग आणि १८ ते २० लास्ट डॉग, या दोनच पाळ्या दोन-दोन तासांच्या. २० ते २४ फर्स्ट वॉच. सगळ्या चार-चार तासांच्या ठेवल्या असत्या तर दिवसात सहा पाळ्या झाल्या असत्या. माणसांचे गट दोन केले काय आणि तीन केले काय, सहाला दोघांनीही भाग जातो. म्हणजे ज्या गटाला आज रात्री बारा ते चार जागायचं, त्यालाच उद्या, परवा आणि महिनाभर जागावं लागलं असतं. संध्याकाळची एक पाळी मधोमध तोडली की सात होतात. साताला ना दोनने भाग जातो ना तीनने, त्यामुळे रोज पाळी सरकते आणि जागरण सगळ्यांत वाटलं जातं. शिवाय संध्याकाळचं जेवण दोन्ही गटांना वेळेत मिळतं.

घंटेचे टोल याच पाळ्यांवर चालतात. पाळी सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने एक टोल, तासाने दोन, असं वाढत चार तासांनी आठ. टोल जोडीजोडीने देतात. सकाळी साडेदहाला पाच टोल म्हणजे दोन, दोन आणि एक. घरी सराव करायचा तर मुलाला अचानक विचारा, ‘पावणेतीनच्या आधीचा टोल कितवा?’ अडीचचा, म्हणजे आफ्टरनून वॉचचा पाचवा. डॉग वॉचमध्ये मात्र सगळे चुकतात. सहाला चार टोल, पण साडेसहाला पाच नाही, पुन्हा एक. सातला दोन, साडेसातला तीन, आणि आठला एकदम आठ. जुन्या प्रथेप्रमाणे नव्या वर्षाच्या मध्यरात्री सोळा टोल देतात, आठ सरत्या वर्षाचे आणि आठ नव्याचे, आणि ते जहाजावरच्या सगळ्यात लहान माणसाकडून दिले जातात. ते भाग्य कदाचित तुमच्या मुलाला मिळेल.

घंटेइतकीच जुनी बोसनची, म्हणजे डेकवरच्या कामांच्या मुकादमाची, शिट्टी. तिला बोसन्स कॉल म्हणतात. तळहातात मावणारी, चार भागांची. फुंकायची वाकडी नळी म्हणजे ‘गन’, तिच्या टोकाखालचा भोक असलेला पोकळ गोळा म्हणजे ‘बॉय’, नळीखालची चपटी पट्टी म्हणजे ‘कील’, आणि साखळी अडकवायची कडी म्हणजे ‘शॅकल’. कील तळहातावर टेकवून बोटांची ओंजळ बॉयभोवती धरायची. बोटं उघडी ठेवली की खालचा सूर निघतो, बॉयभोवती मिटत आणली की वरचा. नव्याचा आवाज घोगरा निघतो किंवा बंदच पडतो, त्याचं कारण बहुतेक वेळा एकच असतं. बोटाची कड बॉयच्या भोकाला किंवा गनच्या टोकाला लागलेली असते. फुंकर वाढवून काही होत नाही, बोट केसभर मागे घ्यावं लागतं. या दोन सुरांवर ‘स्टिल’ म्हणजे जिथे आहात तिथे स्तब्ध, ‘कॅरी ऑन’ म्हणजे काम चालू, आणि मान्यवर जहाजावर येताना वाजवायचा ‘साइड’ असे कितीतरी इशारे आहेत. शिडाच्या दिवसांत वरिष्ठांना होडीतून दोरखंडाच्या खुर्चीत बसवून वर ओढून घेत. ओढणाऱ्यांना ‘ओढा’, ‘थांबा’ कळावं म्हणून जी शिट्टी वाजे तिचाच आज मान झाला आहे. लाउडस्पीकरवरच्या घोषणेलाही अजून ‘पाइप’च म्हणतात.

यावरूनच आणखी एक नियम आला: जहाजावर तोंडाने शीळ घालायची नाही. वाऱ्याला बोलावणं जातं वगैरे म्हणतात, पण खरं कारण साधं आहे. शीळ आणि हुकुमाची शिट्टी यांत गफलत व्हायला नको. मुलाला गाणं गुणगुणत शीळ घालायची सवय असेल तर ती इथेच सोडू द्या.

हुकूम घेण्याची रीतही आजपासून अंगी बाणवता येईल. सुकाणूवरच्या माणसाला ‘स्टारबोर्ड टेन’ असा हुकूम मिळाला की तो आधी तेच शब्द जसेच्या तसे परत म्हणतो, मग सुकाणू फिरवतो, आणि ते दहा अंशांवर आलं की ‘टेन ऑफ स्टारबोर्ड व्हील ऑन’ असं कळवतो. आधी परत म्हणण्यात चूक पकडली जाते, नंतर कळवण्यात काम झाल्याची खात्री होते. नवा पोरगा नुसता ‘येस सर’ म्हणतो. ‘येस सर’ हे प्रश्नाचं उत्तर झालं. हुकुमाला ‘आय आय सर’ म्हणायचं, म्हणजे समजलं आणि करतो. घरी अगदी ‘दोन लिटर दूध आण, एक पिशवी गाईचं’ असं सांगतानाही त्याच्याकडून परत म्हणवून घ्या. महिनाभरात सवय पक्की होते.

स्टारबोर्ड म्हणजे जहाजाची उजवी बाजू, पोर्ट म्हणजे डावी. रात्री स्टारबोर्डला हिरवा दिवा, पोर्टला लाल. पूर्वी सुकाणूचं वल्हं उजव्या बाजूला बांधत, म्हणून ते मोडू नये यासाठी डावी बाजू धक्क्याला लावत. ती पोर्ट झाली. ही बाजू जहाजाची आहे, माणसाची नाही. तुम्ही कुणीकडेही तोंड करून उभे राहा, ती बदलत नाही. हे कागदावर सोपं वाटतं. खरं समजतं ते वल्ही मारताना, आणि त्यासाठी नागपुरात अंबाझरी आहे. तिथे नौदल एनसीसीचे कॅडेट वल्ह्यांच्या बोटी चालवतात, सकाळी काठावर उभं राहून नुसतं बघितलं तरी पुष्कळ कळतं. वल्हवणारा बोटीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसतो, त्यामुळे स्टारबोर्ड त्याच्या डाव्या हाताला येतं. पहिल्या दिवशी निम्मी पोरं उलटी बाजू ओढतात. ‘गिव्ह वे टुगेदर’ म्हणजे सगळ्यांनी एकदम ओढा, ‘ओर्स’ म्हणजे ओढणं थांबवून वल्ही पाण्याला समांतर धरा, ‘होल्ड वॉटर’ म्हणजे पातं पाण्यात रोवून बोट थांबवा. आणि ‘खेकडा पकडणं’ म्हणजे पातं तिरपं होऊन खोल रुतणं. बोट पुढे जात असते आणि वल्ह्याचा दांडा उलटा येऊन छातीवर बसतो. तसं झालं की दांड्याशी झुंजू नये. मान खाली घालून तो डोक्यावरून जाऊ द्यावा आणि मग सावरावं.

गाठींचंही घरीच होतं. अडीच मीटर सुती दोर घ्या, बोटाएवढा जाड. नायलॉनचा नको, नव्या हाताला तो घसरतो. रीफ नॉट, क्लोव्ह हिच, शीट बेंड, बोलाइन, फिगर ऑफ एट आणि राउंड टर्न अँड टू हाफ हिचेस, या सहा गाठी डोळे मिटून यायला हव्यात. रीफ नॉटमध्ये डावं टोक उजव्यावरून, मग उजवं डाव्यावरून. दोन्ही वेळा एकाच बाजूने घेतलं तर ग्रॅनी होते, आणि ती ताणाखाली सरकते. रीफ नॉट बरोबर असेल तर दोन्ही टोकं आपापल्या मुख्य दोराला चिकटून समांतर बसतात. ग्रॅनीत ती आडवी बाहेर डोकावतात. दोन वेगवेगळ्या जाडीचे दोर रीफ नॉटने कधीच जोडायचे नाहीत, तिथे शीट बेंड. बोलाइन शेतकऱ्याच्या घरातल्या पोराला लवकर येते. बैलाच्या गळ्यातलं दावं सुरगाठीने बांधलं तर फास बसतो हे त्याला माहीत असतं. बोलाइनचा फास न आवळणारा असतो, म्हणून माणसाला कमरेभोवती बांधून वर घेताना तीच वापरतात.

मोजमापं दोन-तीनच लक्षात ठेवावीत. एक सागरी मैल १८५२ मीटरचा. नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल, तेव्हा २० नॉट म्हणजे ताशी साधारण ३७ किलोमीटर. ‘ताशी वीस नॉट’ म्हणू नये, ताशी त्यात आलंच. दोराला ठरावीक अंतरावर गाठी मारून तो मागे सोडायचा आणि वाळूच्या घड्याळावर किती गाठी हातातून गेल्या ते मोजायचं, यावरून हा शब्द आला. एक फॅदम म्हणजे सहा फूट. नांगराच्या साखळीचा एक शॅकल १५ फॅदमचा, सुमारे साडेसत्तावीस मीटर.

टोपणनावांबद्दल तुम्ही विचारलं नव्हतं, पण फोनवर तीच जास्त ऐकू येतील. डेकवरची सगळी कामं हाकणारा वरिष्ठ नाविक ‘बफर’, सुतारकामवाला ‘चिपी’, आर्टिफिसर म्हणजे तंत्रज्ञ नाविक ‘टिफी’, इंजिनाकडचे ‘स्टोकर’, झेंड्यांनी आणि दिव्याने संदेश देणारे ‘बंटिंग’ म्हणजे झेंड्याच्या कापडावरून ‘बंट्‌स’, तोफांचा अधिकारी ‘गन्स’. स्टोकर म्हणजे मुळात भट्टीत कोळसा टाकणारा. कोळसा गेला तरी स्टोकर राहिला. यातले काही शब्द आता जुन्या लोकांच्याच तोंडी उरले आहेत. माझं मत असं की मुलाने पहिले सहा महिने ही नावं फक्त ऐकावीत, बोलू नयेत. बरोबरीच्यांत ती आपुलकीची वाटतात, नवख्याच्या तोंडून वरिष्ठासमोर ती आगाऊपणाची ठरतात. अधिकाऱ्यांना सर किंवा मॅडम, मास्टर चीफ आणि चीफ यांना त्यांच्या पदाने, आणि सगळ्यांना जय हिंद.

ही बोली इंग्रजांनी दिली असं सरसकट समजलं जातं, ते अर्धंच खरं आहे. तिच्यात आपल्या किनाऱ्याचे शब्द भरपूर आहेत. कपडे धुण्याला ब्रिटिश नाविकसुद्धा ‘धोबी’च म्हणत आले. परवानगीची ‘चिट’ म्हणजे आपली चिठ्ठी. कामाच्या जाड कपड्यांची ‘डंगरी’ म्हणजे डोंगरी कापड. ‘डिंगी’ ही आपली डेंगी. किनाऱ्यावरच्या सहलीला नौदलात ‘बनियन’ म्हणतात. शिडाच्या काळात ज्या दिवशी मांस मिळत नसे त्याला बनियन दिवस म्हणत, पश्चिम किनाऱ्यावरच्या शाकाहारी वाणी व्यापाऱ्यांवरून. गोदीतले तांडेल आणि सारंग तर कोकणातलेच. आणि या किनाऱ्यावर ‘सरखेल’, म्हणजे आरमाराचा प्रमुख, म्हटलं की १७२९ साली वारलेले कान्होजी आंग्रे आठवतात. मुंबईतला तळ आयएनएस आंग्रे त्यांच्याच नावाचा आहे. २ सप्टेंबर २०२२ ला कोचीत विमानवाहू जहाज विक्रांत ताफ्यात आलं त्या दिवशी नौदलाने नवा ध्वज घेतला. त्यातून सेंट जॉर्जचा क्रूस गेला आणि शिवाजी महाराजांच्या राजमुद्रेवरून घेतलेली अष्टकोनी चौकट आली. त्यात ब्रीद आहे ‘शं नो वरुणः’, वरुण आमचं कल्याण करो.

हा ध्वज बंदरात जहाजाच्या मागच्या टोकाला, आणि पुढच्या टोकाला तिरंगा. सकाळी आठला चढतो, सूर्यास्ताला उतरतो, आणि सकाळच्या विधीला ‘कलर्स’ म्हणतात. त्या वेळी उघड्या डेकवर जो असेल तो हातातलं काम सोडून ध्वजाकडे तोंड करून सावधान उभा राहतो. शिडीवरून जहाजात पाऊल टाकताना मागच्या डेककडे, म्हणजे क्वार्टरडेककडे, सलाम करायचा. सलामाची ढबही घरी सुधारून घ्या, कारण आजोबांनी त्याला सेनेचा सलाम शिकवला असणार. सेनेत तळहात समोर दिसतो. नौदलात तो जमिनीकडे वळलेला असतो. डांबराने आणि ग्रीसने माखलेला हात समोरच्याला दिसू नये म्हणून, असं सांगतात. वायुसेनेचा या दोघांच्या मधला.

गणवेशाच्या निळ्या कॉलरवरच्या तीन पांढऱ्या रेघा ब्रिटिश ॲडमिरल नेल्सनच्या तीन विजयांच्या आणि काळा रेशमी रुमाल त्याच्या सुतकाचा, असं कुणी सांगेल. रुमाल नेल्सनच्या आधीपासून होता आणि रेघांच्या कथेला आधार नाही. परीक्षेत किंवा मुलाखतीत ते ठामपणे सांगू नये.

शेवटी तुमच्यासाठी. जहाज समुद्रात गेलं की फोन लागत नाही, दिवसेंदिवस लागत नाही. त्याने निघण्याआधी ‘सेलिंग आहे’ एवढंच सांगितलं तर कुठे, कधी, किती दिवस हे विचारू नका, आणि घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर तेवढंसुद्धा टाकू नका. जहाजाची तारीख आणि बंदर हीच शत्रूला हवी असलेली माहिती असते. त्याला जहाज मिळाल्यावर पत्र किंवा राखी पाठवताना पाकिटावर पद, पूर्ण नाव, त्याचा क्रमांक, जहाजाचं नाव आणि खाली ‘द्वारा फ्लीट मेल ऑफिस’ असं लिहून तो सांगेल ते शहर आणि पिनकोड घाला. जहाज कुठेही असलं तरी टपाल तिथून पुढे जातं. राखी असेल तर तीन आठवडे आधी टाका. पाकिटात तिळाची चिक्की चालेल, पण संत्रा बर्फी पाठवू नका, दमट हवेत ती पोहोचेपर्यंत बुरशी धरते.